अर्ध्यावर मोडलेलं आसन

देवाची सेवा हेच ज्याच्या घरचं काम, त्याला देवाविषयी शंका येत नसेल, असं लोक धरून चालतात. मला आली. तीही कुठल्या मोठ्या तत्त्वज्ञानाच्या प्रश्नावरून नव्हे, तर शरीराच्या अशा जागेच्या दुखण्यावरून की जिचं नाव आमच्या घरात कोणी मोठ्यानं घेत नाही. नाशिकला गंगेवर आमचं उपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. अस्थी घेऊन आलेल्या माणसाकडून संकल्प सोडवायचा, पिंडदान करवायचं, त्याचं दुःख पाण्यापर्यंत नीट पोहोचवून द्यायचं, हे आमचं काम. ते पाटावर बसून करायचं असतं. आणि मला तर बसताच येईनासं झालं होतं. खाली माझं नाव घातलेलं नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मला आता लाज उरलेली नाही, पण घरात सुना आल्या आहेत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी चाळिशीला टेकलो होतो. सुरुवात झाली ती लघवीच्या जळजळीनं. मग वारंवार जावंसं वाटू लागलं, आणि जाऊन आलं तरी काहीतरी राहिलंय असंच वाटे. पुढे दुखणं खाली उतरलं. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत सतत एक ठणका. मांडी घातली की पाटावर सुपारी ठेवली आहे आणि नेमके तिच्यावरच आपण बसलो आहोत, असं वाटे. कधी कळ ओटीपोटात जाई, कधी कंबरेत, कधी थेट इंद्रियाच्या टोकाला. चालताना बरं वाटे, बसलं की पुन्हा तेच. पतिपत्नीच्या सहवासानंतर तर दुसरा अख्खा दिवस वाया जाई, म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपू लागलो. सौ.ला कारण सांगितलं नाही. तिनं स्वतःच एक कारण शोधून काढलं आणि माझ्याशी मोजकंच बोलू लागली.

औषधं करून पाहिली नाहीत असं नाही. घरच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून गोळ्या दिल्या. थोडं बरं वाटलं, पुन्हा उलटलं. लघवी तपासून आणली तर जंतू नाहीत म्हणे. तरी आणखी गोळ्या. एका वैद्यांनी उष्णता सांगितली. मग मी धन्याजिऱ्याचं पाणी आणि सब्जा यांच्यावर असा तुटून पडलो की घरात हसं झालं. सोनोग्राफीत मुतखडा निघाला नाही, याचं लोक समाधान मानतात; मला उलट धास्ती बसली. खडा निघाला असता तर निदान त्याला नाव तरी असतं. शरणपूर रोडच्या एका मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी प्रोस्टेट ग्रंथीचं काहीतरी असावं असं म्हणून पलंगावर कुशीवर व्हायला सांगितलं आणि हातमोजा चढवला. तो हातमोजा पाहताच मी धोतर सावरत बाहेर आलो आणि रिक्षात बसलो. एकदा तर स्टेशनजवळच्या एका लॉजखाली ‘गुप्तरोग’ असा फलक लावलेल्या दारापर्यंत गेलो होतो. तिथून परतलो, तेवढी बुद्धी शाबूत होती. पण मनानं एकच घेतलं होतं: हा कॅन्सर आहे आणि कोणी तोंडावर सांगत नाही.

मग माणूस देवाकडे वळतो. आमच्या घरात तर त्यासाठी वळावंही लागत नाही, देव समोरच असतो. देवघरात महादेवाचा बाण, म्हणजे नर्मदेतला लिंगाकार गोटा, आहे. त्याच्यापुढे मी चातुर्मासभर रोज रुद्राची अकरा आवर्तनं करण्याचा संकल्प सोडला. दुखणं जावं एवढंच मागणं. वडील, म्हणजे आप्पा, खूश झाले. त्यांचा दंडक असा की अनुष्ठानाला बसलं की आसन मोडायचं नाही. लघुशंकेला उठलं की हातपाय धुवा, सोवळं बदला, आसन नव्यानं मांडा आणि पहिल्यापासून म्हणा. म्हणून मी उठल्यापासून पाण्याचा घोट घेत नसे आणि लघवी लागली तरी दाबून बसे. हे मला नवीन नव्हतं. गंगेवरही यजमान रांगेत उभे असताना कोण उठणार? आप्पा उमेदीत सकाळी बसले की माध्यान्हीलाच उठत, याचा घरात केवढा अभिमान. त्यात लहानपणी आप्पांनी मूलबंध शिकवलेला: बसताना खालची ती मधली जागा आवळून वर ओढून धरायची, म्हणजे बैठक पक्की होते. मी तो बंध इतकी वर्षं धरत आलो होतो की तो कधी धरतो आणि कधी सोडतो, याचं भानच राहिलं नव्हतं. दुखणं वाढलं तसा मी तो अधिक घट्ट धरू लागलो. जास्त निष्ठा, जास्त फळ, असा माझा सरळ हिशेब.

फळ उलटंच मिळत गेलं. आवर्तनं वाढत होती तसतसा ठणकाही वाढत होता. पितृपक्षातल्या गर्दीनं तर मला पार मोडून काढलं. मी बाणावर पाणी घालताना मनात महादेवाशी चक्क भांडत असे. एक तर तू नाहीस, किंवा आहेस आणि तुला ऐकू येत नाही, किंवा ऐकू येतं आणि तुला माझं काही पडलेलं नाही. तिन्हींपैकी एक निवड, असं म्हणे. चातुर्मास संपला की पाट सोडायचा, हे मी ठरवून टाकलं. आमचा एक यजमान अंबडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता, त्यानं स्टोअरमध्ये उभ्यानं करायचं काम देतो असं सांगितलं होतं. आप्पांना काय सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं. मी त्यांचा एकुलता मुलगा. मी उठलो की आमचा पाट उठला.

आश्विनातला दिवस. गर्दी ओसरली होती. सकाळची आवर्तनं करून मी गंगेवर आलो, तो एक वयस्क गृहस्थ पत्नीच्या अस्थी घेऊन एकटेच आले होते. जबलपूरचं मराठी घर, मुलगा परदेशात. स्नान करून ओल्या पंच्यानं समोर बसले. मी संकल्प सांगायला सुरुवात केली. पिंड मांडून झाले आणि खालून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख झाला. लघवी तर केव्हाचीच लागलेली. मी एका कुल्ल्यावर भार देऊन पाहिला, दुसऱ्यावर देऊन पाहिला, मंत्र मध्येच गिळला. शेवटी जे आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं ते मी केलं. हात जोडून म्हणालो, “यजमान, क्षमा करा. मला उठायलाच हवं. दुसरे गुरुजी बोलावून देतो.”

ते गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहत असावेत. म्हणाले, “दुसरे कशाला? तुम्ही आरामात जाऊन या गुरुजी. ती थांबेल. माझ्यासाठी जन्मभर थांबतच आली. जेवायला थांबायची, गावाला जायला थांबायची. हातातलं ऑपरेशन संपल्याशिवाय मी घरी कुठे जायचो.”

जानवं कानाला अडकवून भिंतीशी उभा राहिलो तेव्हा मला रडू आलं. दुखण्याचं नव्हे. एवढ्या मोठ्या दुःखात बसलेल्या माणसानं मला सवड दिली, याचं. मी आजवर स्वतःला कधी दिली नव्हती. परत आलो, हातपाय धुतले, आचमन केलं. मी बसणार तेवढ्यात त्यांनी हातानं थांबवलं. “पाटावर नका बसू, उभ्यानंच सांगा. मी बसून करतो. चालेल ना शास्त्राला?” चालेल म्हणालो. चालतं की नाही हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं. मी उभा राहून मंत्र सांगितले, त्यांनी पिंड दिले, अस्थी गंगेतल्या अस्थिविसर्जनाच्या कुंडात सोडल्या आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले.

निघताना मी पुन्हा क्षमा मागितली. ते म्हणाले, “मी सर्जन होतो. मूत्रमार्गाचाच. आता रिटायर झालो. एक विचारू? बसल्यावर वाढतं आणि चालल्यावर उतरतं, असं आहे का?”

मी मान हलवली.

“लघवी तपासली तर जंतू निघत नाहीत. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच?”

कुणीतरी माझी पत्रिका वाचावी तसं ते एकेक सांगत होते. “चला, चालत बोलू. बसून बोलण्यासारखा हा विषय नाही,” म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. आम्ही ओल्या पायऱ्यांवरून पुढच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. या वाटेत त्यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त कान देऊन ऐकलं. मूत्राशयाच्या खाली पुरुषाला अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. या दुखण्याला तिचंच नाव देतात, पण पुष्कळांच्या बाबतीत तिथे जंतू सापडतच नाहीत, मग जंतू मारायच्या गोळ्या काय करणार? ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. ती सतत ताणलेली, आवळलेली राहिली तरी हे सगळं होऊ शकतं. नेमकं कशानं सुरू होतं हे आम्हा डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. मग विचारलं, “तुम्ही बसताना कसे बसता?”

मी मूलबंधाचं सांगितलं. पाणी न पिण्याचं, दाबून धरण्याचं, अनुष्ठानाचं, हातमोजा पाहून डॉक्टरांकडून पळाल्याचं, सगळं सांगितलं. ते थांबले. मूठ वळून माझ्यासमोर धरली. “ही अशी मूठ रुद्र होईपर्यंत ठेवून बघा गुरुजी. मग सांगा हात का दुखतो. मूलबंध वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तो धरलाय, सोडतच नाही आहात.”

“म्हणजे कॅन्सर नाही?” माझा प्रश्न एकदाचा तोंडातून बाहेर पडला. सौ.जवळही मी तो काढला नव्हता.

“तुमची हकिकत तरी तशी नाही. पण हकिकतीवर सोडू नका. ज्यांच्याकडून पळून आलात त्यांच्याकडे जा आणि तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानं जानवं काही बाटत नाही.”

मी घाटावरच्या दगडी ओट्याला टेकलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. ते गृहस्थ कुंडाकडे बघत म्हणाले, “बरं झालं भेटलात. सकाळपासून हाताला काही कामच नव्हतं.” दुपारच्या गाडीनं ते गेले. पुढे आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शरणपूर रोडच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. “काय हो गुरुजी, मागे धोतर सावरत पळालात. मी तपासून काही सांगणार, तर पेशंट रिक्षात.” तपासणी झाली. सुखाची नव्हती, पण कोणी मेलंही नाही. ग्रंथीत गाठ नव्हती. रक्ताचा अहवालही चांगला आला. मूत्राशयाचं तोंड सैल पडावं म्हणून त्यांनी एक गोळी दिली, आणि बाकीचं सगळं जबलपूरच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं: कोमट पाण्यात बसा, पाणी प्या, लघवी दाबू नका, पोट साफ ठेवा, रोज चाला, फार वेळ एका जागी बसू नका, आणि श्वास पोटात घेऊन खालचा भाग सैल सोडायला शिका. महिने लागतील, मधेमधे उलटेलही, घाबरू नका, असंही म्हणाले.

आता घरी आप्पांना सांगायचं होतं. संकल्प सोडलेलं अनुष्ठान अर्ध्यावर टाकायचं, ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगत सुटलो. दुखणं, जागा, हातमोजा, पिंडदानावरून उठणं, काही ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात सौ. उभी होती, हे मला मागाहून कळलं. आप्पा तापट. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, “इतके दिवस दुखतंय आणि तू बसून राहिलास?”

“तुम्हीच सांगितलं होतं, आसन मोडायचं नाही.”

“मी सांगितलं होतं, गाढवा. त्यानं कुठे सांगितलं होतं?” त्यांनी देवघराकडे हात केला. “तो शंकर आहे, शाळामास्तर नाही. शरीर ऊठ म्हणालं की उठायचं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा उंच चौरंग खाली काढायला लावला, त्यावर घोंगडीची घडी घातली आणि यापुढे मुलानं पाय सोडून पूजा केली तरी चालेल, असं सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

आप्पांशी बोललो त्याच संध्याकाळी सौ.नं तांब्याचं मोठं गंगाळ कोमट पाण्यानं भरलं आणि मला हाक मारली. मी त्यात बसलो तर दाराबाहेरून म्हणाली, “मला वाटलं मीच नकोशी झाले.” एवढंच. बाहेरच्या खोलीतलं अंथरूण त्याच आठवड्यात आत आलं.

सैल सोडायला शिकणं मात्र भलतंच अवघड निघालं. आवळणं मला येत होतं, त्यात मी तरबेज होतो. सोडणं कुणी शिकवलंच नव्हतं. डोळे मिटून श्वास पोटात घ्यायचा आणि खालची झोळी आपोआप खाली उतरू द्यायची, एवढंच. मी जोर लावून सोडायला जाई आणि ती आणखी आवळे. एके दिवशी कंटाळून मी प्रयत्नच टाकून दिला. म्हटलं, महादेवा, हे काही मला जमत नाही, तुझं तू बघ. आणि तसाच पडून राहिलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की खाली काहीतरी हळूच उलगडलंय, ठणका बाजूला सरलाय. मी हलायलाही घाबरत होतो. देवापुढे मी आयुष्यभर हात जोडले, संकल्प सोडले, वाद घातले. पण त्याच्यावर सोपवून गप्प पडून राहिलो असा तो पहिलाच दिवस असेल.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. थंडीत उलटलं, घरातल्या एका लग्नाच्या धावपळीत उलटलं, एकदा मिसळीच्या मोहापायी उलटलं. पण भीती गेली होती, आणि भीती गेल्यावर निम्मं दुखणं आपलं आपणच निघून जातं. अंबडच्या यजमानांना मी नोकरी नको म्हणून कळवलं. गंगेवर मी कधी चौरंगावर, कधी उभा राहून विधी सांगू लागलो, मधे उठू लागलो, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवू लागलो. आमच्या भाऊबंदांनी ‘उभे गुरुजी’ असं नाव ठेवलं. खुशाल ठेवा म्हटलं. पुढे सिंहस्थ आला, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी त्या सगळ्या गर्दीत माझं काम पार पाडलं. आप्पा तेव्हा थकले होते. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि मी जेवायला आलो की विचारत, “मधे उठलास की नाही?”

आता पुरुष मंडळी मला बाजूला घेऊन विचारतात. मखमलाबादकडचे एक फूलवाले आहेत, आठवडाभर घुटमळून शेवटी म्हणाले, “गुर्जी, लय दिवस झालं, खाली दुखतंय. कोणाला सांगायचं नाय म्हणून तुम्हाला सांगतो.” मी त्यांना उपाय सांगत नाही, मी वैद्य नव्हे. मी त्यांना रिक्षात घालतो आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत जातो. रिक्षा लगेच सोडून देतो, म्हणजे पळता येत नाही.

त्या जबलपूरच्या माउलीचं मी दर पितृपक्षात तर्पण करतो. ना नात्याची, ना गोत्राची, पण तिच्या पिंडांवरून मी उठलो होतो आणि ती थांबली होती. तिचे यजमान आले नसते तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. ते माझ्यासाठी आले असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. ते आपल्या बायकोला पोहोचवायला आले होते. त्या वाटेवर मी सापडलो, एवढंच मला माहीत आहे आणि तेवढ्यावर माझं समाधान आहे.

राहता राहिलं ते अनुष्ठान. त्या चातुर्मासातली उरलेली आवर्तनं मी पुढे कधीच पुरी केली नाहीत. आप्पा जाण्याआधी एकदा मी त्यांना विचारलं होतं, आता प्रकृती बरी आहे, पुरं करून टाकू का? ते म्हणाले, “कशाला? तू बरा व्हावास म्हणूनच होतं ना ते?” आजही रोज बाणावर पाणी घालताना ते अपुरेपण माझ्या डोळ्यांसमोर असतं, आणि मला त्याची बोच वाटत नाही. मी पुरं करायच्या आत, अर्ध्यातच त्यानं ऐकलं होतं.